वाडा पुन्हा बांधायचा, पण कुठल्या सालातला?

(थोडं मोठं झालंय. सवडीने वाचा.)

११ जुलै २०२५ ला आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी दिवाळी होती. काही दिवसांनी त्याच ग्रुपवर एक निवेदन फिरत आलं. रायगडावरचा राजवाडा 'जसा होता तसा' पुन्हा उभा करा, अशी मागणी. खाली आपलं नाव लिहायचं आणि पुढे ढकलायचं. मी नाव लिहिलं नाही. वर आगाऊपणे एक वाक्य टाकलं, "जसा होता म्हणजे कसा होता, कुणी पाहिलाय का?"

पुढचे दोन दिवस मी शिव्या खाल्ल्या. सगळ्यात मोठा आवाज आमच्या मामांचा. मामांनी आयुष्यभर महाड-चिपळूण पट्ट्यात घरबांधणीचे छोटे ठेके घेतले. मला पहिल्यांदा रायगडावर त्यांनीच नेलं, रोपवे व्हायच्या आधी, पायऱ्यांनी. त्यामुळे रायगडाबद्दल त्यांनी मला चार शब्द सुनावले तर तो त्यांचा हक्कच आहे. त्यांनी लिहिलं होतं, "घर पडलं तर माणूस परत बांधतो. तू बँकेत बसतोस, तुला बांधणं म्हणजे काय ते माहीत नाही."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या मे महिन्यात मामा आणि मी एका अशा किल्ल्यात दिवसभर फिरलो, जिथे नेमकं हेच केलेलं आहे. राजवाडा परत सजवलेला, दिवाणखाना परत उभा केलेला, भिंतीला रंग, छताला सोनं, पडदे, गालिचे, सगळं. स्कॉटलंडमधला स्टर्लिंगचा किल्ला. बहीण ग्लासगोला असते, तिच्याकडे गेलो होतो. एडिंबरा सगळेच बघतात, आम्हीही पाहिला. पण बहीण म्हणाली, मामांना स्टर्लिंग दाखव, तिथे बांधकाम आहे.

स्टर्लिंगचा किल्ला ज्वालामुखीच्या जुन्या कातळावर आहे, तीन बाजूंनी कडे. फोर्थ नदी ओलांडायची सोयीची जागा इथली, म्हणून हा किल्ला ज्याच्याकडे त्याच्याकडे स्कॉटलंडची किल्ली. १२९७ ची स्टर्लिंग ब्रिजची लढाई इथल्याच पायथ्याशी, १३१४ ची बॅनकबर्नची लढाई तीन-चार किलोमीटरवर. बॅनकबर्न जिंकल्यावर रॉबर्ट ब्रूसने हा किल्ला स्वतःच पाडून टाकला, परत इंग्रजांच्या उपयोगी पडू नये म्हणून. त्यामुळे वॉलेस आणि ब्रूसच्या काळातलं इथे उभं असं जवळजवळ काही नाही. आज जे दिसतं त्यातलं महत्त्वाचं साधारण १४९० ते १६०० या शंभर वर्षांतलं आहे.

स्टेशनवरून वर बघितलं तर करड्या दगडांच्या गर्दीत एकच इमारत पिवळीधमक दिसते. मामा थांबले. म्हणाले, "हिला काय हळद लावलीय?"

तो ग्रेट हॉल, राजाचा दिवाणखाना. जेम्स चौथा याने बांधून घेतला, १५०३ च्या सुमारास पूर्ण झाला. आतून साधारण ४२ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद. मध्ययुगीन स्कॉटलंडमधला मेजवान्यांचा सगळ्यात मोठा हॉल. १५९४ मध्ये राजपुत्र हेन्रीच्या बाप्तिस्म्याची मेजवानी इथे झाली, तेव्हा माशांचे पदार्थ चक्क एका लाकडी जहाजातून आणले होते. जहाजाला शिडं होती आणि त्यावरच्या तोफा उडत होत्या. जहाजाच्या आधी जेवणाचा रथ एका सिंहाकडून ओढून घ्यायचा बेत होता, पण पाहुणे घाबरतील म्हणून तो रद्द केला. मामांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी संध्याकाळपर्यंत ती मला दोनदा सांगितली, जणू मी तिथे नव्हतोच.

पण गंमत पुढे आहे. १६०३ मध्ये इथला राजा इंग्लंडचाही राजा झाला आणि लंडनला गेला. राजवाडा रिकामा पडला. मग हळूहळू किल्ला लष्कराचा झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लष्कराने या भल्यामोठ्या हॉलमध्ये मजले घातले, भिंती घालून खोल्या पाडल्या, उंच खिडक्या बुजवून छोट्या खिडक्या फोडल्या. मूळचं लाकडी छप्पर उतरवलं. राजाचा दिवाणखाना शिपायांची बराक झाला आणि १९६४ मध्ये लष्कर बाहेर पडेपर्यंत तसाच राहिला.

त्यानंतर काम सुरू झालं ते संपायला १९९९ उजाडलं. बराकीचे मजले काढले, खिडक्या मूळ मापाच्या केल्या, सुमारे ३५० ओक झाडांचं लाकूड वापरून छप्पर नव्याने घातलं. जुन्या गिलाव्याचे अवशेष सापडले होते, त्यावरून बाहेरून चुन्याचा गिलावा आणि हा पिवळा रंग दिला. 'किंग्ज गोल्ड' म्हणतात त्याला. स्टर्लिंगच्या लोकांनी जन्मापासून करडा किल्ला पाहिलेला. एके दिवशी मचाण उतरलं आणि डोंगरावर पिवळा डबा! बरीच ओरड झाली. लोकांच्या मनातला 'खरा' किल्ला करडा होता, आणि पाचशे वर्षांपूर्वीचा खरा किल्ला लांबून चमकणारा होता. कारण तो चमकावा, मैलोन्‌मैल दिसावा, हाच राजाचा हेतू होता.

आपल्याकडेही हेच आहे की. आपल्याला किल्ला म्हटलं की काळा उघडा दगड डोळ्यासमोर येतो. त्यावर कधीकाळी चुना होता, लाकूड होतं, कौलं होती, पडदे होते, हे आपल्या डोक्यातून गेलं आहे. आपण अवशेषांनाच मूळ रूप समजून त्यांच्या प्रेमात पडलो. मीही त्यातलाच. हे मामांसमोर मी तिथे कबूल केलं नाही, पण मला त्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाटलं की आपल्या आगाऊ वाक्यात काहीतरी कमी होतं.

मामा मात्र छताकडे बघत होते. मान दुखेपर्यंत. तुळया, त्यांना आधार देणारे पुढे काढलेले हात, सांधे. "खिळा दिसत नाही कुठे. सगळ्या लाकडी मेखा. हे करणारी माणसं कुठून आणली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. इतिहासाचा नव्हे, मजुराचा. मला तो त्या वेळी किरकोळ वाटला.

मग मी माझा मुद्दा काढला. म्हटलं, "मामा, पण या लोकांनी दीडशे वर्षांहून जास्त काळाची बराक पुसून टाकली ना? तिथे राहिलेल्या शिपायांचं काय? तोही इतिहासच." मामा म्हणाले, "शिपायांचं कोण बघायला येणार?"

याचं उत्तर त्याच किल्ल्यात, पन्नास पावलांवर आहे. किंग्ज ओल्ड बिल्डिंग नावाच्या इमारतीत आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचं संग्रहालय आहे. ही पलटण १८८१ मध्ये दोन जुन्या पलटणी एकत्र करून झाली, त्यातली एक ९३ वी. आणि ही ९३ वी हायलँडर्स म्हणजे नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौला सिकंदर बागेत घुसलेली पलटण. १६ नोव्हेंबरच्या त्या एका दिवसात सिकंदर बागेत सुमारे दोन हजार हिंदी शिपाई मारले गेले. ब्रिटिशांच्या बाजूने ती शौर्याची गाथा आहे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले आहेत. फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने पुढच्या वर्षी काढलेला त्या बागेचा फोटो तुम्ही पाहिला असेल, अंगणात हाडं पसरलेली आणि मागे मोडकी इमारत. मामा तिथे बराच वेळ गप्प होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हणजे शिपायांचंही बघायला येतात. आपणच आलो."

आता मुख्य गोष्ट, राजवाडा.

जेम्स पाचवा याने १५३८ च्या सुमारास हा राजवाडा बांधायला घेतला. त्याची राणी फ्रेंच, मेरी ऑफ गीज. गवंडीही काही फ्रान्सहून आलेले. बाहेरच्या भिंतींवर दोनशेच्या आसपास दगडी आकृत्या आहेत. देवदेवता, सैनिक, सैतान, आणि एका कोपऱ्यावर खुद्द राजा दाढीसकट. या आकृत्या खऱ्या, मूळच्या, पाऊस-वाऱ्याने झिजलेल्या. राजा १५४२ च्या डिसेंबरमध्ये तिसाव्या वर्षी गेला. मुलगी मेरी तेव्हा सहा दिवसांची. नऊ महिन्यांची झाल्यावर तिला याच किल्ल्यातल्या चर्चमध्ये मुकुट घातला. हीच ती पुढे इंग्लंडमध्ये शिरच्छेद झालेली मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स. म्हणजे ज्याने हौसेने राजवाडा बांधला त्याला तो धड उपभोगता आला नाही, विधवा राणीनेच तो वापरला.

आत राजाची तीन दालनं आणि राणीची तीन. बाहेरचं, आतलं आणि शयनगृह. तुम्ही कोण आहात यावर तुम्ही कुठल्या दारापर्यंत जाणार ते ठरायचं. बाहेरच्या दालनात कुणीही बरं कपडे घातलेला माणूस, आतल्यात मानकरी, शयनगृहात अगदी मोजके. आपल्याकडे देवडी, सदर, माजघर असतं तसंच. मामांनी लगेच वाड्याचा हिशोब लावला, "पहिला चौक, दुसरा चौक." चूक नव्हता.

१६०३ नंतर या दालनांचीही तीच गत. लष्कराचे अधिकारी राहिले, भिंती झाकल्या, छतं बदलली. २०११ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख पौंड खर्चून ती १५४० च्या दशकातल्यासारखी करून लोकांना खुली केली. आत शिरलात तर डोळे दिपतात. लाल, निळा, सोनेरी. मोठ्या चुली, पलंगावर जरतारी, दारात त्या काळचे कपडे घातलेली माणसं उभी, ती तुमच्याशी दरबारी थाटात बोलतात. (एकीने मामांना "महाराज कुठल्या देशाहून आलात?" असं विचारलं. मामांनी मराठीत "महाड" सांगितलं. तिने मान डोलावली.)

राजाच्या आतल्या दालनात वर बघा. छतावर मोठ्या तबकांसारख्या गोल लाकडी चकत्या, प्रत्येकीत एक कोरलेला चेहरा. राजे, राण्या, रोमन सम्राट, हर्क्युलिस, एक विदूषक. यांना स्टर्लिंग हेड्स म्हणतात. प्रत्येक चकती जवळपास मीटरभर रुंद. झगझगीत रंगवलेल्या. मामा खूश. मी मात्र वाकडं तोंड केलं. सगळं नवं कोरं. मला वाटलं, हा सिनेमाचा सेट आहे.

आणि तेवढ्यात मामांनी तो प्रश्न विचारला, जो मी निवेदनाखाली विचारला होता. "हे असंच होतं हे यांना कसं कळलं?"

याचं उत्तर जिना चढून वर गेल्यावर मिळतं. वरच्या दालनात मूळ चकत्या ठेवल्या आहेत. रंग नाही, सोनं नाही. उघडं, काळपट, चिरा पडलेलं ओकचं लाकूड. आणि तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. खाली मान वर करून बघितलेला चेहरा इथे समोर येतो, छिन्नीची खूण दिसते.

त्यांची हकीकत अशी. १७७७ मध्ये एक चकती छतावरून निखळून पडली. लष्कराने धोका नको म्हणून सगळं छत उतरवलं. चकत्या इकडेतिकडे वाटल्या गेल्या, कुणाच्या घरी भिंतीवर, कुणाच्या कोठीत. सगळं संपलंच असतं. पण किल्ल्याच्या उपगव्हर्नराची बायको, जेन ग्रॅहम, हिला त्यांचं महत्त्व कळलं. ती हिंडून हिंडून त्या चकत्या शोधून त्यांची चित्रं काढू लागली. १८१७ मध्ये ती चित्रं पुस्तकरूपाने छापली गेली. नंतरच्या काळात विखुरलेल्या चकत्या हळूहळू गोळा झाल्या, तीसहून जास्त आज शिल्लक आहेत. लाकडाची वर्तुळं मोजून ते लाकूड पोलंडहून आलं होतं हेही शोधून काढलं. एका चकतीच्या कडेला ओळीने कोरलेल्या खुणा दिसल्या, त्या संगीताच्या असाव्यात असा तर्क झाला. एका कारागिराने एकेक चकती पुन्हा कोरली, त्याला पाच वर्षं लागली. रंगात अभ्यासकांचा अंदाज बराच आहे. चेहऱ्यांत तो नाही.

राणीच्या आतल्या दालनात भिंतभर विणलेले पडदे आहेत, एकशिंगी घोड्याच्या शिकारीचे. ते तिथेच का? कारण जेम्स पाचव्याच्या सामानाच्या यादीत 'एकशिंग्याची गोष्ट' सांगणाऱ्या पडद्यांचा संच नोंदवलेला आहे. त्याचे पडदे कधीच नाहीसे झाले. पण त्याच काळातला, त्याच विषयाचा संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, क्लॉइस्टर्समध्ये आहे. त्यावरून सात पडदे हातमागावर नव्याने विणले. तेरा-चौदा वर्षं आणि सुमारे २० लाख पौंड लागले. विणकर काही काळ किल्ल्यातच बसून विणत होते आणि लोक येऊन बघत होते.

म्हणजे बघा. सामानाची यादी हाताशी होती, उतरवलेलं छत शिल्लक होतं, एका बाईने काढलेली चित्रं होती. भिंती तर मूळच्याच उभ्या होत्या. एवढं हाताशी असताना त्यांनी धीर केला. आणि वर मूळ चकत्या उघड्या ठेवून सांगितलं, खालचं नवं आहे, हे जुनं आहे, तुम्हीच ताडून बघा.

माझा सेट म्हणून केलेला तिरस्कार तिथे गळून पडला, हे मान्य करतो. सेटच्या मागे सेट कसा केला त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. आदल्या दिवशी पाहिलेल्या एडिंबराच्या किल्ल्यातला ग्रेट हॉल. छप्पर मूळचं, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, फार सुंदर. पण खालची लाकडी तावदानं, भिंतीभर मांडलेल्या तलवारी आणि चिलखतं हे १८८० च्या दशकातलं काम. व्हिक्टोरियन माणसाला मध्ययुग जसं आवडलं असतं तसं. फ्रान्समध्ये कार्कासोनच्या तटबंदीचा जीर्णोद्धार करताना व्हायोले-ल-द्युकने बुरुजांवर टोकदार स्लेटची छपरं चढवली, जी उत्तरेकडे शोभतात, दक्षिणेत नव्हे. त्यावर आजही वाद आहे. अशाच अनुभवांतून १९६४ मध्ये व्हेनिसला जगभरचे जाणकार जमले आणि एक सनद झाली. तिचा सार इतकाच की पुरावा संपून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावं. योगायोग बघा, स्टर्लिंगमधून लष्कर बाहेर पडलं तेही १९६४ मध्येच.

स्टर्लिंगलाही सगळंच सरळ नाही. फेब्रुवारी १४५२ मध्ये जेम्स दुसरा याने जेवायला बोलावलेल्या अर्ल ऑफ डग्लसला भोसकलं आणि प्रेत खिडकीतून फेकलं. खालच्या बागेला आज डग्लस गार्डन म्हणतात आणि वर बघून लोक 'ती खिडकी' शोधतात. पण वरची इमारत १४९० च्या दशकातली, खुनानंतर चाळीसेक वर्षांची. खिडकी ती असणं शक्यच नाही. लोकांना खिडकी हवी असते, मग सापडते. इथलीच दुसरी गोष्ट, जेम्स चौथ्याचा किमयागार जॉन डेमियन १५०७ मध्ये पिसांचे पंख लावून तटावरून उडाला आणि पडला. म्हणाला, पंखांत कोंबडीची पिसं मिसळली होती, कोंबडीचा ओढा उकिरड्याकडेच असतो. ती बिचारी गोष्ट तरी गोष्ट म्हणूनच सांगतात.

संध्याकाळी तटावर बसून सँडविच खाताना वाद परत सुरू झाला. रायगडाचा.

मामा म्हणाले, "आता तरी पटलं?" मी म्हटलं, "काय पटलं? इथे भिंती होत्या. आपल्याकडे जोती आहेत." रायगडावर राजवाड्याचे चौथरे आहेत, राणीवशाची जोती आहेत, नगारखाना उभा आहे, गंगासागराच्या काठचे मनोरे आहेत. वरचं बांधकाम लाकडाचं, ते मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत गेलं. सभासदाच्या बखरीत वर्णन आहे, राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनची नोंद आहे. पण वर्णनावरून खांबाची जाडी निघत नाही, पाख्याचा उतार निघत नाही. जेन ग्रॅहमसारखं कुणी गडावर वही घेऊन बसलं नाही.

आणि दुसरं, कुठल्या सालातला वाडा बांधणार? १६७४ चा म्हणाल, मान्य. पण १६८९ मध्ये गड मुघलांकडे गेला, पुढे सिद्दीकडे, १७३३ मध्ये परत मराठ्यांकडे आला, त्यानंतर पंच्याऐंशी वर्षं पेशवाईत नांदता राहिला. १८१८ च्या वेढ्यात दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. म्हणजे जळाला तो वाडा राहता होता. आज दिसणाऱ्या प्रत्येक चौथऱ्याचा दगड कुठल्या काळातला, हे आधी वेगळं काढायला हवं. गडावर गेली काही वर्षं उत्खनन चालू आहे, ते याच कामाचं. ते पूर्ण व्हायच्या आत वर काँक्रीटचा पाया घेतला तर खालचं वाचायला कायमचं बंद.

तिसरी अडचण तर आपणच पेढे वाटून ओढवून घेतली. जागतिक वारसा यादीचे नियम स्पष्ट आहेत. पुनर्बांधणी अपवाद म्हणून, आणि तीही पूर्ण, तपशीलवार कागदपत्रांच्या आधारावर. अंदाजाला जागा नाही. वॉर्सा शहराचा जुना भाग महायुद्धानंतर नव्याने बांधलेला असूनही १९८० मध्ये यादीत गेला, कारण बेलोट्टोची अठराव्या शतकातली चित्रं आणि मोजमापांचे आराखडे हाताशी होते. आणि ड्रेस्डेनची एल्ब नदीची दरी २००९ मध्ये यादीतून काढली गेली, एका पुलापायी.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "समाधीचं काय?"

हा प्रश्न मला येणार हे माहीत असायला हवं होतं. शिवरायांच्या समाधीची दुरवस्था झाली होती. टिळकांनी १८९५ मध्ये त्यासाठी चळवळ उभी केली, निधी जमवला, आणि जीर्णोद्धार पुरा व्हायला १९२६ उजाडलं. आज आपण जिथे डोकं टेकतो ती बरीचशी विसाव्या शतकातली वास्तू आहे. "मग ते चूक होतं का? तेव्हा तुझ्यासारखा एखादा म्हणाला असता, पुरावा आणा, तर आज तिथे नुसते दगड असते."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. आताही पूर्ण सुचलंय असं नाही. समाधी ही भक्तीची जागा आहे, तिथे छत्री हवीच होती, आणि ती बांधणाऱ्यांनी ही १६८० ची आहे असा दावा केला नव्हता. राजवाड्याचं तसं नाही. राजवाडा उभा केला की तो बोलू लागतो. महाराज या खांबाला टेकून बसायचे, या झरोक्यातून बघायचे. राजसदरेवरची मेघडंबरी विसाव्या शतकातली आहे, तरी ती मूळचीच आहे असं छातीठोक सांगणारे मला दर फेरीत भेटतात. तिथेच एक साधी ठळक पाटी हवी, कधी बांधली, कशावरून. पाटीने महाराजांचं काही कमी होत नाही. पण मामांच्या प्रश्नात माझ्या 'हात लावू नका' या भूमिकेचा कंटाळवाणा आळसही पकडला गेला, हे खरं. हात न लावता शंभर वर्षांत पाऊस उरलेलं नेईल. 'जसं आहे तसं' हेही जसं आहे तसं राहत नाही.

मग मामांनी त्यांचा सकाळचा प्रश्न परत काढला. ते लाकूडकाम करणारी माणसं कुठून आणली? मी फोनवर शोधलं तर कळलं, स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एंजिन शेड नावाचं केंद्र आहे. रेल्वेची जुनी शेड, २०१७ मध्ये सरकारी वारसा खात्याने तिथे पारंपरिक बांधकामाचं केंद्र सुरू केलं. दगड, चुना, लाकूड, स्लेट, सगळ्याचं शिक्षण. किल्ला सांभाळायचा तर किल्ला सांभाळणारे हात तयार ठेवायचे, आणि ते गावातच. आम्ही दुसऱ्या दिवशी परत आलो. मामांनी बाहेरच्या प्रदर्शनात चुन्याचा एक नमुना बोटांनी चोळून पाहिला आणि म्हणाले, "माझ्या बापाने घाण्यावर चुना मळलाय. महिना महिना भिजवून. मी एकदाही नाही. सिमेंटची गोणी आली, सोपं झालं. आज मला कुणी म्हणालं की रायगडाची भिंत चुन्यात बांध, तर मला येणार नाही."

हे ते अपराधी आवाजात म्हणाले नाहीत. ठेकेदार मोजमाप सांगतो तसं म्हणाले. पण आमच्या सगळ्या वादात मला वजनदार वाटलेलं वाक्य ते एकच. कारण समजा उद्या सरकारने होकार दिला, पैसा दिला, आराखडाही कुठून मिळाला, तरी गडावर पोचणार कोण? सिमेंटच्या गोण्या आणि दगडासारखा रंग दिलेलं काँक्रीट. तसली 'डागडुजी' तुम्ही-आम्ही चार गडांवर पाहिलेली आहे. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतलं पाणी अडकतं आणि जुना दगडच फुगून फुटतो. हे मामांनीच मला तिथे समजावलं, आणि त्यांनी स्वतः असं दोन देवळांना केलंय हेही सांगितलं.

परत आल्यावर मामांनी ग्रुपवर त्या निवेदनाची सुधारलेली प्रत टाकली. हाताने लिहून फोटो काढलेली. मागण्या तीन. उत्खननाचे अहवाल मराठीत छापा. गडावर नवं काय आणि जुनं काय याच्या पाट्या लावा. महाडला चुना, दगड आणि लाकूडकामाची शाळा काढा, पाचाडच्या, आसपासच्या पोरांना शिकवा. वाडा बांधायची मागणी त्यांनी खोडली नव्हती. चौथ्या क्रमांकावर ठेवली होती, कंसात 'वरचं झाल्यावर'.

या वेळी मी नाव लिहिलं. मामांच्या खालोखाल. तिसरं नाव अजून यायचं आहे. एका मावसभावाने विचारलंय की यात 'भव्य' हा शब्द का काढला.